‘भौगोलिक परिसराशी सुसंगत नाही’: छाननी समितीला अंबाजोगाईहून खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संशोधन प्रस्ताव छाननी समिती

सप्रेम नमस्कार.

आपल्या समितीचं पत्र आमच्या महाविद्यालयात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. समुद्री गाळातल्या जिवाणूंपासून नवी प्रतिजैविकं शोधण्याचा आमच्या विद्यार्थिनीचा प्रस्ताव आपण नामंजूर केलात. नामंजुरीचं मला नवल नाही. तीस वर्षं शिकवलं, तेवढ्या काळात कितीतरी प्रस्ताव गेले आणि परत आले. नवल वाटलं ते कारणाचं. कारण एका ओळीत लिहिलं आहे: ‘प्रस्तावित विषय संस्थेच्या भौगोलिक परिसराशी सुसंगत नाही.’

अर्थ नीट कळावा म्हणून फोन केला. कार्यालयातल्या माणसाने तो फारच सोपा करून सांगितला. ‘सर, अंबाजोगाईत समुद्र कुठाय?’

नाही. अंबाजोगाईत समुद्र नाही. अर्ज भरण्याआधीपासून आम्हाला ते ठाऊक होतं.

यानंतर आपल्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. एका प्रस्तावापुरती गोष्ट असती तर गप्प बसलो असतो. पण ही ओळ उद्या जालना, हिंगोली, परभणी, धाराशिव, कुठल्याही जिल्ह्यातल्या मुलाच्या अर्जावर चिकटवता येईल. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही.

माझा यात संबंध काय, तेही सांगतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा मास्तर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तरी प्रयोगशाळेत जातो, घरी बसून करमत नाही. ही मुलगी बी.एस्सी.पासून माझ्याकडे शिकते आहे. तिचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन टोळीबरोबर कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. तिचं नाव लिहीत नाही. या पत्रापायी तिचं पुढे कुठे अडू नये.

खरा संबंध मात्र त्याहून जुना आहे. २०१४ च्या दिवाळीत माझ्या बहिणीच्या मुलाला ताप धरला. ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. लातूरला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबई. रक्ताचा कर्करोग, तीव्र जातीचा. डॉक्टर म्हणाले, ‘सात अधिक तीन’ देऊ. एक औषध सात दिवस सलाइनमधून सलग, आणि त्यातले तीन दिवस जोडीला दुसरं. मी कुपी हातात घेऊन नाव वाचलं. सायटाराबिन. मला घाम फुटला. हे नाव मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. ते कधी आपल्या घरातल्या माणसाच्या हाताला लावलेल्या बाटलीवर दिसेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

या औषधाचं मूळ समुद्रात आहे. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाला फ्लोरिडाजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजात काही विचित्र रेणू सापडले. डीएनए ज्या विटांचा बनतो तशाच विटा, पण त्यांतली साखर वेगळी, अरॅबिनोज. त्या नमुन्यावरून पुढे इतरांनी सायटाराबिन तयार केलं आणि १९६९ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. कर्करोगाची पेशी भराभर वाढताना ही बनावट वीट खरी समजून उचलते आणि तिचं बांधकाम तिथंच अडतं. जोडीचं दुसरं औषध, डॉनोरुबिसिन, इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूचं. म्हणजे आमचा पोरगा एका हाताने समुद्राने धरला आणि दुसऱ्या हाताने मातीने.

भाचा आज केजला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ही हकिगत सांगितली तेव्हा म्हणाला, ‘मामा, स्पंज म्हंजे भांडी घासायचा त्योच का?’ म्हटलं, बाबा, तो प्लास्टिकचा. त्याचा मूळपुरुष समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून बसतो. जागचा हलत नाही, दात नाहीत, नख्या नाहीत. पळता येत नाही त्याला लढायला एकच हत्यार उरतं, विष. समुद्रात औषध शोधणारे स्पंज, शंखशिंपले आणि गाळातले जिवाणू धुंडाळतात ते याचसाठी. ज्याला हलता येत नाही त्याचं रसायनशास्त्र पक्कं असतं.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार अंतराची. समुद्रातून आलेल्या औषधांचा इतिहास आपल्यापैकी कुणी चाळला असता, तर ही ओळ लिहिताना पेन थबकलं असतं.

भारतात समुद्रातून औषधं शोधण्याचा राष्ट्रीय प्रकल्प चालला, त्याचा समन्वय कुठल्या संस्थेकडे होता? लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे. लखनौ गोमतीच्या काठी आहे. जवळचा समुद्र तिथून आठशे किलोमीटरांहून लांब. अंबाजोगाईपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत चारशेच्याही आत येतो. आपल्या नियमाने लखनौचा प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाद झाला असता.

दुसरं उदाहरण शंखातल्या गोगलगायीचं. ‘कोनस मेगस’ नावाची ही समुद्री गोगलगाय मासा टप्प्यात आला की त्याला विषाचा काटा टोचते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. त्या विषातल्या एका पेप्टाइडवरून, म्हणजे प्रथिनासारख्याच पण छोट्या रेणूवरून, झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. अमेरिकेत ते २००४ साली मंजूर झालं. मॉर्फिननेही न थांबणाऱ्या दुखण्यावर ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडतात, आणि मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. हा शोध लावणारे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा मूळचे फिलिपिन्सचे. मायदेशी प्रयोगशाळेत धड उपकरणं नव्हती, म्हणून त्यांनी बाजारात सहज मिळणारे हे शंख कामाला घेतले. पुढचं काम त्यांनी यूटा विद्यापीठात केलं. यूटाला किनारा नाही. चहूबाजूंनी जमीन आणि मध्ये एक खारट तळं. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. औषधाचा मूळ रेणू त्या विषातून वेगळा काढणारा मायकेल मॅकिन्टॉश तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता, नुकताच शाळा संपवून आलेला. ‘पदवी महाविद्यालयाचा दर्जा’ हा शब्दप्रयोग आपल्या कार्यालयात ऐकला, म्हणून ही आठवण.

तिसरं, अ‍ॅरिझोना. वाळवंट. हिंदी महासागरात मॉरिशसजवळ मिळालेल्या समुद्री सशावर, म्हणजे कवच नसलेल्या एका गोगलगायीवर, जॉर्ज पेटिट यांनी तिथं बसून वर्षानुवर्षं काम केलं आणि डोलास्टॅटिन नावाचे रेणू बाहेर काढले. त्यांच्यावरून बेतलेलं विष आज एका अँटिबॉडीला, म्हणजे नेमकी कर्करोगाची पेशी हुडकणाऱ्या प्रथिनाला, जोडून हॉजकिन लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांना देतात. २०११ साली ते मंजूर झालं. नंतर उलगडलं की हा रेणू त्या प्राण्याचा नव्हताच. तो ज्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांवर चरतो, त्यांचा होता. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

चौथं, स्पेन. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींच्या कर्करोगावरचं ट्रॅबेक्टेडिन हे औषध समुद्रात खांबांना आणि खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एका प्राण्यापासून आलं. ते बाजारात आणणाऱ्या कंपनीचं मुख्यालय माद्रिदजवळ आहे, देशाच्या अगदी मधोमध. एक ग्रॅम औषधासाठी सुमारे टनभर प्राणी लागायचे. तसं चालणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी एक साधा जिवाणू टाकीत वाढवला, त्याच्यापासून कच्चा रेणू मिळवला आणि उरलेले बदल रसायनशाळेत केले. समुद्राकडे पुन्हा जायची गरज उरली नाही.

लखनौ, यूटा, अ‍ॅरिझोना, माद्रिद. यांत अंबाजोगाई बसवा असं मी म्हणत नाही, आमची ती पात्रता अजून नाही. पण समुद्र दूर असणं हे कारण त्यांच्यापैकी कुणाला लागू पडलं नाही, ते आम्हालाच का लागू पडावं?

जाता जाता एक. आमच्या गावची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे. घाट चढून ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं येतात. शेजारी तुळजापुरात आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात. कवडी म्हणजे समुद्री गोगलगाईचं कवच. तेर आणि पैठणचा माल भडोचच्या बंदरात जात होता, याची नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाश्याने करून ठेवली आहे. देवाला, दागिन्याला आणि व्यापाराला जे अंतर चाललं ते संशोधनाला चालत नाही, असं आपलं म्हणणं दिसतं.

दुसरी तक्रार: प्रस्ताव वाचलाच गेला नाही. माझा हा संशय नाही, पुरावा आहे. अभिप्रायाच्या तक्त्यात ‘नौका व पाणबुड्यांची सुविधा संस्थेकडे उपलब्ध नाही’ अशी नोंद आहे. आम्ही नाव मागितली नव्हती. पाणबुडे तर अजिबातच नाही. आमचा प्रस्ताव खाडीतल्या चिखलाचा होता. ओहोटीच्या वेळी पँट दुमडून जो कुणी गुडघाभर चिखलात उतरेल त्याला तो मिळतो.

हे काम नेमकं होतं कसं, ते थोडं सविस्तर लिहितो. समितीत इतर शाखांचेही लोक असतील.

मागच्या हिवाळ्यात मी, ती आणि आमचे प्रयोगशाळा सहायक रत्नागिरीजवळच्या एका खाडीवर गेलो. ओळखीतून एक मच्छीमार काका भेटले. ओहोटी किती वाजता लागेल, कुठल्या बाजूला पाय रुततो, कुठे कारखान्याचं पाणी येतं म्हणून तिथला गाळ घेऊ नका, हे सगळं त्यांनी दाखवलं. निर्जंतुक बाटल्यांत चोवीस नमुने भरले, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घातला आणि एसटी धरली. रत्नागिरी ते कोल्हापूर, कोल्हापूर ते लातूर, लातूर ते अंबाजोगाई. कोल्हापूरच्या कंडक्टरने खोक्याकडे बोट दाखवलं. ‘मासळी आहे काय? वास सुटंल.’ ती म्हणाली, ‘नाही हो, चिखल आहे.’ त्याने आम्हा तिघांकडे नीट पाहून घेतलं आणि तिकिटं फाडली.

इथं आल्यावर चिखल पातळ करून झोबेल मरीन अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाऱ्या जेलीच्या, प्लेटांवर पसरायचा. या अगरच्या पावडरीत समुद्राचे क्षार आधीच मिसळलेले असतात. पाण्यात उकळली की समुद्र तयार, काचेच्या ताटलीएवढा. आम्हाला हवे असतात ते अ‍ॅक्टिनोमायसीट्स, पुष्कळशी प्रतिजैविकं ज्यांच्यापासून मिळाली तो जिवाणूंचा गट. ते सावकाश वाढतात, दोन-तीन आठवडे घेतात. तोवर बाकीचे जिवाणू प्लेट खाऊन टाकतात, म्हणून त्यांना आवर घालायच्या युक्त्या कराव्या लागतात. मग एक दिवस पिठाची चिमूट पडल्यासारखा पांढरट ठिपका दिसतो. झाकण उघडलं की वास येतो, वळवाच्या पहिल्या सरीनंतर रानात सुटतो तोच वास. मातीचा तो वास मातीचा नसतोच, याच जिवाणूंचा असतो. रत्नागिरीच्या खाडीतला चिखल अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेत मृगाच्या पावसासारखा वास देतो, तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते शब्दांत मांडणं मला जमणार नाही.

यानंतर येते चाळण. रोगजंतू पसरलेल्या प्लेटवर आपल्या जिवाणूचा अर्क ठेवायचा. भोवती रोगजंतू वाढले नाहीत आणि स्वच्छ गोल खळं पडलं, तर त्यात काहीतरी आहे. नाही पडलं तर पुढचा. आमच्या बाया सुपात धान्य पाखडतात तसंच हे. फोल उडवायचं आणि दाणा मागे ठेवायचा. शेकडो वेळा पाखडाल तेव्हा दाणा दिसेल, आणि दिसलेल्या दाण्यांतले बहुतेक आधीच कुणीतरी शोधलेले निघतील. चिकाटी हवी, स्वच्छता हवी, माणसं हवीत. मोठी यंत्रं पुढच्या टप्प्याला लागतात. चाळणीचा पहिला टप्पा तालुक्याच्या महाविद्यालयात उत्तम होतो, आणि मोठ्या संस्थांना नेमकं हेच काम नको असतं.

आजपर्यंत आमच्या चोवीसपैकी पाच नमुने चाळून झाले. स्टॅफिलोकॉकस हा जखमा पिकवणारा रोगजंतू पसरलेल्या एका प्लेटवर खळं पडलं. आम्ही औषध शोधलं असा याचा अर्थ नव्हे, आणि असा दावा प्रस्तावात कुठेही केलेला नाही. खळं ते गोळी हा प्रवास दहा-पंधरा वर्षांचा असतो आणि वाटेत बहुतेक सगळे गळतात. पण खळंच पडू दिलं नाही, तर पुढे गळायलाही काही उरत नाही.

समुद्री ससा आणि माद्रिदचा जिवाणू मी मघाशी सांगितला तो यासाठी. समुद्रातून औषध काढायचं तर टनाने प्राणी उपसावे लागतात, हा समज आता जुना झाला. बऱ्याच वेळा खरा कारागीर त्या प्राण्याच्या पोटातला किंवा अंगावरचा सूक्ष्मजीव निघतो. सूक्ष्मजीव बाटलीत मावतो आणि एसटीने येतो.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात असेल. १९४५ साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोट्झू यांनी कॅग्लियारी शहराचं सांडपाणी जिथं समुद्राला मिळतं तिथलं पाणी तपासलं. त्यांना एक बुरशी सापडली. त्या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिन घराण्याची प्रतिजैविकं निघाली. टायफॉइडला डॉक्टर लिहून देतात ते सेफिक्झाइम आणि दवाखान्यात शिरेतून देतात ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, दोन्ही त्याच घराण्यातली. गटाराचं तोंड ते आपलं तालुक्याचं मेडिकल, एवढा हा प्रवास. ब्रोट्झूंकडेही पाणबुडे नव्हते.

तिसरी तक्रार लेखी नाही, तोंडी सूचनेबद्दल आहे. आम्हाला सांगण्यात आलं की, ‘तुम्ही दुष्काळ, कापूस, तूर, सोयाबीन, असलं काही घ्या, लगेच मंजूर होईल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, मला माहीत आहे. तरीही हे वाक्य मला फार लागलं.

दुष्काळ आमचा विषय नाही असं कोण म्हणेल? २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत प्लेटा धुवायला पाणी नव्हतं आणि पोरं घरून बाटल्या घेऊन यायची. दुष्काळावर काम व्हायला हवं, ते होतंही आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठापासून ते गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत. पण मराठवाड्यात जन्मलेल्या मुलाने आयुष्यभर दुष्काळाबद्दलच जिज्ञासा बाळगावी, हा नियम कुणी केला? पुण्याच्या मुलाला कुणी म्हणतं का, की तू मुळा-मुठेच्या पलीकडचं काही विचारू नकोस? अनुशेषाच्या गोष्टी आम्ही प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या काळापासून ऐकतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. जिज्ञासेचाही अनुशेष असतो, आणि तो असाच एकेका ओळीने साचत जातो.

मराठवाड्याचं म्हणून काही हवंच असेल, तर तेही आमच्या प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर होतं. जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर लोणार. उल्केने पाडलेल्या त्या विवरातलं पाणी खारट आणि कमालीचं अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि सगळं जग बघत राहिलं. तो रंग मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. खाडी आणि लोणार, दोन्हीकडचे खारे जिवाणू एकाच पद्धतीने तपासून त्यांची तुलना करावी असा आमचा बेत होता. शेवटच्या पानापर्यंत कुणी पोचलं असतं तर दिसलं असतं.

चौथी तक्रार वेळेची, थोडक्यात. प्रस्ताव जूनमध्ये दिला, उत्तर फेब्रुवारीत आलं. आठ महिने. पीएच.डी.च्या नोंदणीचं घड्याळ तेवढा वेळ थांबत नाही, आणि घरून पैसे येणार नसलेल्या मुलीचं तर नाहीच.

पाचवी विजेची आणि उपकरणांची. यात थोडा दोष आमचाही आहे, तो आधी कबूल करतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सलग दोन रात्री लाइट गेली आणि आमच्या साध्या फ्रीजमधले जुने जिवाणूसंच गेले. वेळेवर ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे गोठवताना जिवाणू जपणाऱ्या द्रवात, घालून दुसरीकडे एक प्रत ठेवायला हवी होती, ती आम्ही ठेवली नाही. पण उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आणि त्याला भरवशाची वीज, एवढी साधी सोय आसपासच्या दहा-बारा महाविद्यालयांत मिळून एका ठिकाणीही नाही. रेणूची ओळख पटवायची यंत्रं पुण्याला. नमुना पाठवायचा, रांगेत थांबायचं आणि तो वाटेत गरम झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही मागितले होते चार लाख साठ हजार रुपये. केंद्र सरकारने २०२१ साली खोल समुद्र मोहिमेसाठी पाच वर्षांकरता ४,०७७ कोटी मंजूर केले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल उतरवणारं ‘मत्स्य ६०००’ हे वाहन त्याच मोहिमेतलं, आणि खोल समुद्रातल्या जीवसृष्टीचा शोध हाही तिचा एक भाग. ते व्हावंच, मला त्याचा अभिमान आहे. पण तिथून वर आलेला गाळ पाखडायला शेवटी हातच लागणार. ते हात कुठून आणणार आहात?

सहावी बाब आमच्यासाठी नाही. खाडीवरच्या काकांना आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, ‘यातून काय निघालं ते कळवा म्हणजे झालं. इथं शहरातून लय जण येतात, बाटल्या भरतात, परत कुणी सांगत नाही.’ आपल्या अर्जात अठरा रकाने आहेत, पण नमुना जिथून घेतला तिथल्या माणसांना काय कळवणार, आणि उद्या काही मोलाचं निघालं तर त्यांचा वाटा काय, याचा एकही नाही. जैवविविधता कायदा देशात २००२ पासून आहे आणि त्याचा गाभाच हा वाटा आहे. शंखातलं विष, खाडीतला चिखल, कुठली बाजू स्वच्छ हे सांगणारी मच्छीमाराची नजर, या फुकटच्या गोष्टी नव्हेत.

आता मागण्या. फार नाहीत.

‘भौगोलिक परिसराशी सुसंगत नाही’ हे कारण मूल्यमापनाच्या निकषांतून काढून टाकावं. नमुने कुठून आणि कसे आणणार, ते रीतसर आहे का, हे जरूर विचारा. ते विचारणं योग्यच आहे.

आमचा प्रस्ताव सूक्ष्मजीवशास्त्र जाणणाऱ्या दोन तज्ज्ञांकडे पुन्हा पाठवावा आणि त्यांचा अभिप्राय आम्हाला लेखी मिळावा. त्यांनी काम कच्चं ठरवलं तर आम्ही मान खाली घालून ऐकू. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून हे काम करते आहे, अशा ठिकाणचा कुणी मिळाला तर उत्तमच.

किनाऱ्यावरच्या संस्था आणि आतल्या जिल्ह्यांतली महाविद्यालयं यांच्यात जिवाणूसंच व अर्क देण्याघेण्याचा एक सोपा करार व्हावा. ते गोळा करतील, आम्ही पाखडू. श्रेय दोघांचं.

मराठवाड्यात एका ठिकाणी, कुठेही चालेल, अंबाजोगाईच हवं असा हट्ट नाही, सामाईक फ्रीजर आणि अर्क तपासायचं प्राथमिक यंत्र द्यावं, जनरेटरसकट. ‘जनरेटरसकट’ हा शब्द मंजुरीच्या कागदावर राहू द्या, नेहमी तोच गळतो.

निकाल चार महिन्यांत लावावा.

आणि अर्जात तो एकोणिसावा रकाना वाढवावा.

आपला निकाल आला त्या दिवशी ती मुलगी प्रयोगशाळेतच होती. पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, ‘आता कामून रडायचं सर, आज सहाव्या नमुन्याच्या प्लेटा वतायच्यात.’ त्या तिने ओतल्या. अगर संपत आलं आहे, पुढच्या डब्याचे पैसे आम्ही दोन-तीन मास्तर मिळून भरू.

उरलेले अठरा नमुने साध्या फ्रीजमध्ये आहेत. मे लागण्याआधी कळवलंत तर बरं होईल. नंतर इथं लाइटचा भरवसा नसतो.

आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
अंबाजोगाई, जि. बीड